बिल्ला आणि सातबारा

आलुबोंडा खाऊन झाला की खालचा कागद वाचायचा, ही माझी जुनी खोड. तेलाने कागद पारदर्शक होतो, मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळतात आणि वधूवरांच्या जाहिरातीत मध्येच तुरीचे भाव दिसायला लागतात. दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. फाट्यावर एक हॉटेल आहे, म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक कढई. बदली होऊन गेलेल्या एका गुरुजींची वीसेक वर्षांची रद्दी हॉटेलवाल्याने गठ्ठ्यानेच घेऊन ठेवली होती. त्यातला एक तुकडा त्या दिवशी माझ्या वाट्याला आला. मथळा फाटलेला, फोटोच्या जागी चटणी. बातमी मात्र शाबूत होती. कुणीतरी पुढारी कुठल्याशा सभेत म्हणत होता की हमीभावात लागवडीचा खर्चसुद्धा निघत नाही, सरकारने कापसाला बोनस द्यावा, सातबारा कोरा करावा, नाहीतर आम्ही रस्त्यावर उतरू.

मी ते मोठ्याने वाचलं. समोरच्या बाकड्यावर मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि त्यांच्या शेजारी त्यांचाच मुलगा विनोद. बाप पंजा, पोरगा कमळ. एकाच ताटात जेवतात, एकाच बंडीवर वावरात जातात.

विनोद मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सत्ता गेली का याईले शेतकरी आठवते. सत्तर वर्सं काय केलं मंग?"

"काय चुकीचं बोलला थो?" मोठे बाबा उसळले. "खर्च निघते का तुह्या पऱ्हाटीचा? थे सांग ना."

मी कागद उलटा केला. मागे ट्रॅक्टरची जाहिरात होती. खास सवलत, ३१ मार्च २०१३ पर्यंत. म्हणजे तेव्हा राज्यात पंजा आणि घड्याळाचं सरकार, दिल्लीतही पंजाच, आणि रस्त्यावर उतरू म्हणणारा हा गडी आजच्या सत्ताधाऱ्यांपैकी कुणीतरी. तसं सांगितल्यावर मोठे बाबांनी एक घोट चहा घेतला. "तवाची गोष्ट येगळी व्हती. तवा बरा भाव व्हता." विनोदने मोबाइल खिशात घातला. "पाहा! तवापासून आपले लोकं हेच सांगून राह्यले."

कपातला चहा संपायच्या आत दोघांनी जागा बदलल्या आणि आपण बदललो हे दोघांपैकी एकालाही जाणवलं नाही. हॉटेलवाला मात्र कढईतून मान वर करून हसला. मला हसायला तोंड नव्हतं. वाचतानाच मी मनात एक माणूस ठरवून टाकला होता आणि तो मला आवडत नसल्यामुळे त्याचं भाषण चिडक्या, नाटकी सुरात वाचलं होतं. तारीख दिसल्यावर माझाही माणूस चुकलेलाच निघाला.

हेच काम जेफ्री कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत मुद्दाम करून पाहिलं होतं. २००३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. विद्यार्थ्यांपुढे गरिबांना सरकारी मदत देण्याच्या दोन योजना ठेवल्या, एक सढळ हाताची, एक अगदी आखडत्या हाताची. कुणाला सांगितलं ही डेमोक्रॅट पक्षाची, कुणाला सांगितलं रिपब्लिकनांची. ज्याने त्याने आपल्या पक्षाची म्हणून सांगितलेली योजना उचलून धरली, मग ती सढळ असो की आखडती. उदारमतवादी पोरांनी आखडत्या योजनेला माना डोलावल्या, परंपरावादी पोरांनी सढळ योजनेला. आणि का, म्हणून विचारलं तर जवळपास सगळ्यांचं उत्तर एक, आम्ही योजनेतला मजकूर पाहिला. दुसऱ्या पक्षाची माणसं तेवढी पक्ष बघून मत देतात, असंही त्यांना वाटत होतं. आमच्या फाट्यावर फरक एवढाच की प्रयोग रद्दीने केला.

मोठे बाबांनी पहिलं मत १९६२ साली काँग्रेसच्या बैलजोडीला दिलं. पुढे पक्ष फुटला, बैलजोडी गेली, १९७१ ला गाय-वासरू आलं, त्याला दिलं. १९७७ ला देशभर काँग्रेस कोसळली, रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या, पण विदर्भ फारसा हलला नाही. पुढच्या वर्षी विधानसभेला इंदिराबाईंच्या नव्या काँग्रेसचा पंजा अगदी कोरा करकरीत होता, तोही विदर्भाने उचलला आणि आमच्याकडचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. मोठे बाबा हे सगळं बोटांवर मोजून सांगतात आणि शेवटी म्हणतात, "चिन्ह बदललं, आपन नाही बदललो." कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून वावरात उभे राहून रोजगार हमीला शिव्या देतात, आणि पारावर आले की रोजगार हमी काँग्रेसनं आणली हे सांगताना त्यांची छाती फुगते. यात विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. शिव्या वावराच्या, अभिमान पाराचा.

विनोद तरी काय वेगळा. कर्जमाफ्यांचंच घ्या. २००८ ची केंद्राची कर्जमाफी पाच एकरांच्या आतल्यांना पूर्ण मिळाली. आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन जास्त आणि पाणी शून्य, त्यामुळे कितीतरी जण त्या रेषेबाहेर राहिले. मोठे बाबाही बाहेरच राहिले, पण आजही तीच "खरी कर्जमाफी". २०१७ ची दीड लाखापर्यंतची होती. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठे द्यायचे, मग ग्रीन लिस्टची वाट पाहायची. तोवर शेत विनोदच्या नावावर झालं होतं. त्याने आणि वहिनीने मजुरी बुडवून तीन चकरा मारल्या, यादीत नाव आलं ते फार उशिरा, तरी तो म्हणतो, "घोटाळे थांबवाले करा लागते तसं." २०१९ ला सरकार बदललं आणि दोन लाखांची आली. ती मात्र विनोदच्या मते तिजोरीवर दरोडा होती, आणि मोठे बाबांच्या मते सरळ आणि सोपी. विनोदच्या खात्यावरचं उरलेलं कर्ज तिच्यात माफ झालं. ते त्याने आम्हाला सांगितलं नाही, बँकेतून आलेल्या कागदावरून वहिनीने सांगितलं.

हे लिहिताना मला उगाच शहाणपणाचा वास यायला लागला आहे, म्हणून आता स्वतःच्या घरात येतो.

माझे बाबा ना पंजाचे ना कमळाचे. ते बिल्लेवाले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांनी ऐंशीच्या दशकात छातीवर लावला तो सदरा बदलला तरी बिल्ला तोच. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मी पाढ्यांच्या आधी शिकलो. एकाधिकार योजनेत, म्हणजे सरकारशिवाय दुसऱ्या कुणाला विकायची मुभाच नाही त्या योजनेत, कापूस घालून चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशांची, वाट पाहत बसलेल्या बापांची आम्ही पोरं. सरकारने आमच्यातून हात काढून घ्यावा आणि आमचा माल आम्हाला विकू द्यावा, हे बाबांना जोशी साहेबांनी सांगायची गरज नव्हती, ते त्यांच्या अंगावर उमटलेलं होतं. इथवर मूल्य त्यांचं स्वतःचं होतं असं मी मानतो.

पण मग डंकेल आला. १९९१ च्या शेवटी जागतिक व्यापाराचा तो मसुदा निघाला आणि शरद जोशींनी त्याचं स्वागत केलं. बाबांनी त्यातलं एक पान पाहिलेलं नव्हतं. आमच्या गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं. तरी पारावर बाबा डंकेलच्या बाजूने अशी बाजू लढवायचे की आर्थर डंकेल आमचा नात्यातलाच असावा. त्याच वेळी तिकडे कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाचे शेतकरी त्याच डंकेलविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. तेही शेतकरीच. तेही पावसाकडे डोळे लावणारे, सावकाराच्या दारात उभं राहिलेले. घाम तोच, दामाचं दुखणं तेच, पण त्यांच्या खांद्यावर हिरवा टॉवेल होता आणि बाबांच्या छातीवर लाल बिल्ला. बाबांचा जन्म सीमेपलीकडे झाला असता तर डंकेल त्यांना राक्षस वाटला असता, याबद्दल मला आज शंका नाही. त्यांना हे बोललो असतो तर चपलेने मारलं असतं.

पॉल गोरेन या अमेरिकी अभ्यासकाने २००५ साली हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. काही वर्षांच्या अंतराने त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांवरून त्याने पाहिलं की आधी कोण हलतं, माणसाचं मूल्य की त्याचा पक्ष. आपण समजतो की माणूस आधी ठरवतो, मला समता हवी, किंवा कुटुंबाची परंपरा हवी, आणि मग त्याला साजेसा पक्ष धरतो. त्याला उलटंच दिसलं. पक्षाशी असलेली बांधिलकी जास्त चिवट निघाली आणि मूल्यंच तिच्या मागे हळूहळू सरकत गेली. तो दोन पक्षांचा देश. आपल्याकडे २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, सकाळी कोण कुणासोबत चहा पितो याचा पत्ता नाही, मग इथे माणूस नेमका कशाला धरून राहतो? माझ्या मते घराला, जातीला आणि कुठल्यातरी एका जुन्या अपमानाला. जात वगळून हा लेख लिहिला असता तर तो अर्धा खोटा झाला असता. आमच्या गावात कुठल्या आळीतून कुठल्या चिन्हाला किती मतं पडतील हे निवडणुकीच्या आदल्या रात्री शेंबडं पोरही सांगतं, आणि फार चुकत नाही.

बुद्धविहाराकडच्या वस्तीचं मात्र मला वेगळं वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे गेले त्यांना ओळख आणि मूल्य एकाच दिवशी, एकाच मैदानावर मिळालं. बावीस प्रतिज्ञा म्हणजे नुसता नवा धर्म नव्हता, उद्यापासून काय करायचं आणि काय नाही याची यादी होती. माझ्या वर्गातला तिथला मित्र सांगायचा, त्याच्या आजीने नागपूरहून आल्यावर घरातले देव आधी नदीत सोडले आणि मग पोराला शाळेत घातलं. ओळखीने माणूस आंधळाच होतो असं नाही. कधी कधी ओळखच त्याला डोळे देते.

बाबांनाही एकदा दिले होते.

नव्वदच्या सुमाराला संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा. जोशी साहेब गावोगाव सांगत फिरले. बाबांनी नऊ एकरांतले दोन एकर, नाल्याकडचे, चांगल्या काळ्या मातीचे, मायच्या नावाने केले. फेरफार झाला त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. मोठे बाबा म्हणाले, "जोशानं सांगितलं तं उद्या घर बी देशीन का बायकोले?" बाबांनी आयुष्यात मायशी फार गोड बोललेलं मला आठवत नाही. तिला बाजाराला जायलाही विचारावं लागे. हा माणूस आपल्या आतून कधीच दोन एकर देणारा नव्हता. ते बिल्ल्याने दिले.

आणि मग ९ मार्च २०१०. राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मतदानाला आलं. १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. त्यांचा आक्षेप मतदारसंघ दर निवडणुकीला फिरवण्याच्या पद्धतीला होता, तो त्यांनी मांडलाही होता, पण आमच्या घरातल्या टीव्हीवर फक्त आकडा दिसला. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सायबाचं काहीतरी गणित असंन." दुसऱ्या दिवशी पारावर ते त्या गणिताची बाजू लढवत होते. डंकेलसारखीच.

माय तांदूळ निवडत होती. सुपातून डोळे न काढता म्हणाली, "इचारा तुमच्या सायबाले, मले दोन एकर देल्ले थेबी चुकलं व्हतं का?"

बाबा काही बोलले नाहीत. पण ते दोन एकर त्यांनी कधी परत मागितले नाहीत, गहाण ठेवायलाही नाही, कर्जाने कितीही घेरलं तरी. पुढे संघटनेच्या चिरफळ्या झाल्या, बाबांनी सभांना जाणं सोडलं, बिल्ला पेटीत गेला. दोन एकर मायच्या नावावर तसेच राहिले.

ग्रामपंचायतीचं एकच सांगतो. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात, कपबशी आणि शिलाई मशीन. एका वर्षी आमच्या गावाला पाण्याच्या टाकीचा निधी आला. जागा तुमच्या आळीत की आमच्या, यावर दोन्ही पॅनल असे अडून बसले की निधी परत गेला. एक जण मला उघड म्हणाला, "आपल्याले नाही भेटलं तं नाही भेटलं, त्याईले कायले भेटू द्यायचं?" हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमाराला ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांना पॉल क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीवरून दोन गटांत वाटल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी आंधळी होती. पैसे वाटायला दिले तर पोरं आपल्या गटाला थोडं कमी घ्यायलाही तयार झाली, फक्त समोरच्यापेक्षा ते जास्त दिसायला हवं होतं. त्या पोरांकडे निदान चित्रकार तरी होते. आमच्याकडे कपबशी.

वर्षातून एकच दिवस गाव एकत्र हसतं, पोळ्याला. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. यंदा एका पोट्ट्याने म्हटली:

कापसाचा भाव पडला, सोयाबीन गेलं खाली,
साहेब म्हणे मुंबईत, चौकशी सुरू झाली.
एक नमन गौरा पार्वती हर बोला हर हर महादेव!

मोठे बाबा हसले, विनोद हसला, दोन्ही पॅनल हसले. झडतीत साहेबाचं नाव नव्हतं. जो तो आपापला साहेब सोडून हसत होता.

तर मूल्यं नुसती पक्षाची सावली असतात का? बरेच दिवस मला तसं वाटत होतं. पण गावात एक कागद असा आहे की ज्यावर सगळ्या पक्षांच्या सह्या सारख्याच पडतात. हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. वडील गेले की तेरवी आटोपते आणि बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, आम्ही राजीखुशीने हक्क सोडतो, असा अंगठा नाहीतर सही देऊन येतात. पंजावाल्याची बहीण देते, कमळवाल्याची देते. समतेवर भाषण करणाऱ्याची देते, संस्कृतीवर करणाऱ्याची देते. त्या टेबलापुढे कुणी कुणाशी वाद घालत नाही. जिथे सगळ्यांचं मूल्य खरोखर एक असतं तिथे त्याची चर्चाच होत नाही, म्हणून ते दिसत नाही.

बाबा २०१८ ला गेले. पुढच्या वर्षी हिंगणघाटहून ताई आली आणि उरलेल्या सात एकरांवरचा हक्क तिने माझ्या नावे सोडला. मी तिला पैठणी घेतली. कायदा मला ठाऊक होता, त्यावर मी मित्रांमध्ये तावातावाने बोललोही होतो. बाबांचा वारसा म्हणून लक्ष्मीमुक्तीची गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आहे, वर तुम्हालाही सांगितलीच. पण संघटनेने बायकोचं सांगितलं होतं. पोरीचं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या छातीवर तर बिल्लाही नव्हता.

त्या दिवाळीला, फाट्यावरून घरी आलो तर माय पेटी उघडून बसली होती. वर्षातून एकदा ती मला तिचा सातबारा वाचायला लावते. तिला वाचता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, त्याच पिशवीत बाबांचा बिल्ला, टाचणी गंजलेली. मी नेहमीसारखं वाचलं. गाव, गट क्रमांक, क्षेत्र, मग भोगवटादार म्हणून तिचं नाव, मध्ये बाबांचं, शेवटी आडनाव. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, जणू हजेरी घेत होती.

मी कागदाची घडी घालायला लागलो तर म्हणाली, "थांब. खाली जागा हाय का?"

"कायची जागा?"

"आखीन एक नाव बसते का त्याच्यात? ताईचं."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मी कागद पुन्हा उघडला आणि जागा शोधत असल्यासारखा खालपर्यंत पाहत गेलो.